‘दुखतंय का?’ विचारायची नोकरी

जखमेला चिकटलेली पट्टी कशी सोडवायची, यावर मी तासभर बोलू शकतो. करुणेवर बोला म्हटलं तर दोन वाक्यांतच माझी गाडी रुतते. या अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, “यंदाचा विषय करुणा. तुमचं आयुष्य दवाखान्यात गेलं, तुमच्याइतकं कोण लिहिणार?” मी हो म्हणालो आणि फोन ठेवल्यावर घाबरलो. दवाखान्यात जितके जास्त दिवस काढावेत तितका या बाबतीतला गोंधळ वाढत जातो. निदान माझा वाढला. तेव्हा वाचकांनी माझ्याकडून शहाणपणाची अपेक्षा न ठेवता पुढं वाचावं.

मी ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स. कोल्हापुरातल्या एका मोठ्या दवाखान्याच्या ड्रेसिंग रूममध्ये माझी बहुतेक नोकरी झाली. मूळ गाव गडहिंग्लजच्या पलीकडं, जिथं एकाच घरातलं निम्मं भांडण मराठीत आणि निम्मं कानडीत होतं. नाव शिवलिंग; पण दवाखान्यात या नावानं मला कुणी हाक मारल्याचं आठवत नाही. बाईला सिस्टर म्हणतात म्हणून पुरुषाला ब्रदर. चंदगडकडची एक आजी तर भरती होती तोवर मला ‘बिरादार’ म्हणत होती. आमच्या सीमाभागात बिरादार आडनावाची घरं पुष्कळ. घरी जायच्या दिवशी तिनं विचारलं, “बिरादार, तुमी कुठल्या गावचं?” मी गाव सांगितलं. तर त्याच गावात तिच्या सुनेच्या माहेरचे बिरादार निघाले. आपण त्यांच्यातले नव्हे हे सांगायचा मला धीर झाला नाही. जाताना तिनं माझ्या हातात काजूगर ठेवले, ते मी पाहुणा म्हणून खाल्ले.

आमचं काम काय असतं ते आधी सांगतो. जखम उघडून बघायची, धुवायची, मेलेलं मांस काढायचं, औषध घालून पुन्हा बांधायची. ऐकायला सोपं आहे. पण जुनी पट्टी जखमेला चिकटते, आणि जे नवं कोवळं मांस धरत असतं ते तिच्या धाग्यांत गुंतलेलं असतं. पट्टी ओढली की तेही उपटून येतं. म्हणून सलाईनचं पाणी सोडायचं आणि थांबायचं. बाहेर रांग असते, आत माणूस कण्हत असतो, तरी थांबायचं. पट्टी आपणहून सुटली की मग सफाई. मेलेलं मांस कापताना काही कळत नाही. कापता कापता हात जिवंत भागाला लागला की माणूस ओरडतो. म्हणून आम्ही दिवसभर एकच प्रश्न विचारतो, “दुखतंय का?” आणि ‘हो’ म्हटलं की मनातल्या मनात बरं वाटून घेतो. दुखतंय म्हणजे तिथवर रक्त पोचतंय.

माणसं नाना तऱ्हेची येत. तालमीतला एक पैलवान मांडीवरचं गळू घेऊन आला होता. कुस्तीत भल्याभल्यांना आस्मान दाखवणारा गडी, माझी कात्री बघूनच टेबलावर आडवा झाला. त्याचे वस्ताद बाहेरून आत आले, त्याच्या तोंडावर पाणी मारलं आणि मला म्हणाले, “ह्ये तालमीत कुणाला सांगू नगा.” मी त्या वेळी सांगितलं नाही. आता वस्तादही नाहीत आणि पैलवानाला नातवंडं झाली असतील.

माझ्या गोंधळाची सुरुवात मात्र गुऱ्हाळावरच्या एका गुळव्यापासून झाली. गुळव्या म्हणजे गूळ शिजवणारा. काहिलीतला उकळता रस त्याच्या दंडावर आणि खांद्यावर सांडला होता. भाजलेल्याचं ड्रेसिंग बघवत नाही. मी तेव्हा नोकरीत नवखा. तो कण्हला की मी थांबायचो. “बास का? दमलात का?” असं विचारायचो, पुन्हा हात लावायचो, पुन्हा थांबायचो. माझ्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटत होतं, आपण फार मायेनं काम करतोय. असे काही दिवस गेल्यावर तो मला शांतपणे म्हणाला, “ब्रदर, तुमची ती दया जरा बाजूला ठेवा आनि हात उरका. तुमी थांबलासा की मला परत पयल्यापासनं धीर गोळा कराय लागतोय.”

दुसऱ्या दिवशी त्यानं कांबळे सिस्टरना मागितलं.

कांबळे सिस्टर आमच्या विभागात मला वरिष्ठ होत्या. उंच, सडपातळ, बोलायला तिखट. त्यांचा हात झरझर चालायचा. पेशंटशी गोड बोलताना मी त्यांना फारसं ऐकलं नाही, तरी माणसं त्यांच्याच टेबलावर जायला बघत. मी त्यांना विचारलं, “सिस्टर, तुम्हाला त्यांची दया येत नाही का?” त्या म्हणाल्या, “येते की. पण ती माझी मला सांभाळाय लागते. पेशंटला कशाला सांभाळाय लावू?”

त्या दिवसापासून मी हात उरकायला शिकलो. पण माझ्या डोळ्यांतलं पाणी हे त्याच्यासाठी होतं की माझ्यासाठी, हे कोडं काही सुटलं नाही.

आता हिंदुराव मामांचं सांगतो. खरं तर त्यांच्यासाठीच लिहायला बसलो आहे.

मी नोकरीच्या उतरणीला लागलो होतो तेव्हाची गोष्ट. हिंदुराव जोतिबाच्या डोंगरावर राहायचे. देवळाकडं जायच्या वाटेवर त्यांचं गुलाल-खोबऱ्याचं दुकान. मुलगा आणि सून दुकान बघत, हे कडेला बसून असत. दुकानावरचा गंजका पत्रा सुटून त्यांच्या पायावर पडला होता आणि नडगीपासून बोटांपर्यंत जखम झाली होती. त्यांनी ती बरेच दिवस अंगावर काढली. मुलगा जवळजवळ ओढतच दवाखान्यात घेऊन आला तेव्हा जखम काळी पडली होती आणि वास सुटला होता. साखर थोडी होती, पण पायाची जाण शाबूत होती. म्हणजे हातातला पेशंट. डॉक्टर म्हणाले, सफाई नीट होत राहिली तर पाय वाचेल. दिवसाआड ड्रेसिंग, आणि ड्रेसिंगच्या आधी प्रत्येक वेळी दुखणं मारायचं इंजेक्शन, असं त्यांनी लिहून दिलं.

मी सुई भरली तर हिंदुरावांनी दंड मागं घेतला.

“सुई नगो.”

“मामा, सुईला भिता होय? मुंगी चावल्यागत होतं.”

“भ्या न्हाय. दुखू दे की.”

मला वाटलं, जुन्या वळणाचा गडी आहे, मिजास आहे. एकदा कात्री लागली की आपणहून मागेल. मी सफाईला लागलो. ते टेबलाची कड धरून छताकडं बघत राहिले. कपाळाच्या शिरा तटतटल्या, घामानं सदरा भिजला, पण तोंडातून आवाज नाही. मी विचारलं, “दुखतंय का?” त्यांनी मान हलवली. हो अशी.

पुढच्या वेळीही तेच, त्याच्या पुढच्या वेळीही तेच. घरी दिलेल्या गोळ्या ते घेत नव्हते, हे मुलानं मला दाराबाहेर बोलावून सांगितलं. शिवाय अनवाणी हिंडायचे. दुकानापासून देवळापर्यंतच्या त्या तापलेल्या फरशीवर, बांधलेल्या पायानं. मी रागावलो. ते ऐकून घ्यायचे आणि पुन्हा तसेच यायचे, पट्टी मातीनं आणि गुलालानं माखलेली. जखम एक पाऊल पुढं जायची, दोन मागं. शेवटी डॉक्टरांनी त्यांच्यासमोरच सांगितलं की असंच चाललं तर गुडघ्याखालून पाय काढावा लागेल. हिंदुरावांनी ते असं ऐकलं, जणू शेजारच्या माणसाबद्दल चाललंय.

त्या दिवशी ड्रेसिंग रूममध्ये आम्ही दोघंच होतो. पट्टीवर पाणी सोडून मी स्टुलावर बसलो होतो. मी म्हणालो, “मामा, पाय गेला तर पोराला त्रास, सुनेला त्रास. तुमच्या मनात आहे तरी काय?”

हिंदुरावांनी टेबलाची कड धरली. मग छताकडं बघतच म्हणाले, “माझी बायकू सुंदरा. मला टाकून गेली दोन वर्सामागं.”

त्यांनी सांगितलं ते असं. सुंदराबाई दुकानात बसून गुलालाच्या पुड्या बांधायच्या. त्यांची कंबर दुखायची. सुरुवातीला त्या नवऱ्याला सांगायच्या. हिंदुराव म्हणायचे, “सोंगं करू नगं. बसून तर काम हाय.” यात्रेच्या गर्दीत तर दुकान सोडून उठणं शक्य नसायचं. त्या सांगत राहिल्या, हे हसत राहिले. पुढं त्यांनी सांगायचं सोडून दिलं. यांना वाटलं, बरं झालं, थांबलं. एक दिवस देवळाच्या पायरीवर त्या बसल्या त्या उठल्याच नाहीत. तपासण्या झाल्या. हाडात कॅन्सर होता, फार पसरलेला. नंतर त्या थोडेच दिवस होत्या.

“शेवटाला डागतर इचारायचं,” हिंदुराव म्हणाले, “दुखतंय का म्हणून. तर ती पयल्यांदा माझ्याकडं बघायची. आनि मग न्हाय म्हणायची.”

एवढं बोलून त्यांनी पाय माझ्या दिशेनं सरकवला. “करा आता. भिजली आसंल.”

मी काम केलं. ‘मामा, जाऊ द्या, तुम्हाला कुठं माहीत होतं’ असं काहीतरी मी पुटपुटलो असेन. दवाखान्यात ही वाक्यं तयारच असतात. त्यांनी ती ऐकली नाहीत, आणि मलाही ती पटत नव्हती. कारण त्यांना माहीत होतं की. सुंदराबाईंनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं.

दुपारी चहाला मी हे कांबळे सिस्टरना सांगितलं. मला वाटलं, त्या एक घाव दोन तुकडे करतील. पण त्याही विचारात पडल्या. त्या बौद्ध घरातल्या. दर रविवारी विहारात जाऊन ध्यानाला बसायच्या. म्हणाल्या, “आमच्यात मैत्रीभावना करतात. डोळे मिटून बसायचं आणि एकेकाचं भलं चिंतायचं. आधी स्वतःचं, मग आपल्या माणसाचं, मग ओळख ना देख अशा कुणाचं, मग ज्याच्याशी आपलं वाकडं आहे त्याचं, मग सगळ्यांचं.”

“आधी स्वतःचं?” मी विचारलं. “सिस्टर, आमच्याकडं पंगतीत घरचा धनी शेवटी जेवतो.”

“आमच्याकडं पण शेवटीच जेवतो. म्हणून तर मला ते जमत नाही.” त्या हसल्या. कोल्हापूरच्या बायका स्वतःबद्दलही आलो-गेलोच म्हणतात, तशा त्या म्हणाल्या, “मी किती वर्षं बसतोय, ब्रदर. वाकड्यात शिरलेल्या माणसापर्यंत मी आरामात जातो. जावेला पण माफ करून टाकलं. पण ‘मी सुखी असो’ म्हणायचं आलं की घशात काटा अडकल्यागत होतंय. विहारातल्या भन्तेंना विचारलं, तर म्हणाले, मग तिथंच बसा. तिथंच बसलोय.”

माझ्याच बाबतीत याच सुमारास काहीतरी सुरू झालं होतं, ते मी त्यांना सांगितलं नाही. माझा डावा हात थरथरायला लागला होता.

आम्ही लिंगायत. सकाळी अंघोळ झाली की गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, भस्म लावायचं, बेलाचं पान ठेवायचं आणि नजर त्याच्यावर लावून बसायचं. वडिलांनी लहानपणी शिकवलं तेव्हापासून हे चुकलं नव्हतं. एके दिवशी पूजेत बसलो असताना बेलाचं पान हललं. वारा नव्हता. पुन्हा हललं. नीट बघितलं तर हात हलत होता. मी मन घट्ट करून तो थांबवायला गेलो तर जास्तच हलायला लागला. मग उजवा हात खाली लावून कशीबशी पूजा उरकली आणि कुणाला काही बोललो नाही.

डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि हळूहळू नाजूक काम सोडावं लागेल असंही सांगितलं. मी त्यांना हो म्हणालो आणि ड्रेसिंग रूममध्ये हात एप्रनच्या खिशात घालून हिंडायला लागलो. मला त्या हाताचा भयंकर राग यायचा. घरी तो थरथरला की दाराच्या चौकटीवर आपटायचो. बायको म्हणाली, “अहो, सवतीच्या पोराला मारल्यागत मारताय त्या हाताला.” मी तिच्यावरही डाफरलो. दिवसभर दुसऱ्यांच्या फुटक्या-कुजक्या पायांना जपणारा माणूस घरी येऊन स्वतःच्या हाताशी असा वागतो, हे तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नाही. ध्यानात आलं असतं तरी फरक पडला असता का, सांगता येत नाही. पेशंटची गोष्ट वेगळी वाटते. आपला हात म्हणजे आपला नोकर. त्यानं काम करायलाच पाहिजे.

मग व्हायचं ते झालं. हिंदुरावांचं ड्रेसिंग चालू होतं. डाव्या हातानं त्यांची टाच धरली होती, उजव्या हातात चिमटा. डावा हात हिसका दिल्यासारखा हलला, पाय सरकला आणि चिमट्याचं टोक उघड्या मांसात घुसलं. एवढे दिवस आवाज न काढलेला माणूस “आई गं” म्हणाला. रक्त आलं. फार काही नव्हतं, दाबून धरलं, थांबलं. पण मला स्वतःची अशी शिसारी आली की मी वळलो आणि डावा हात ट्रॉलीच्या लोखंडी कडेवर आपटला. एकदा, पुन्हा एकदा. वाट्या खाली पडल्या.

तिसऱ्यांदा उचलला तर तो खाली येईना. हिंदुरावांनी उठून बसून माझं मनगट धरलं होतं.

“काय करतायसा?” ते म्हणाले. “हातानं काय केलंय तुमचं? ल्हान पोरगं आसतं तर आसं आपटलं आसतं काय?”

मी म्हणालो, “सोडा मामा.” त्यांनी सोडला नाही. त्यांच्या मुठीत माझा हात पिंजऱ्यात पाखरू असावं तसा फडफडत होता. ते त्याच्याकडं बघत राहिले. मग आवाज उतरवून त्यांनी विचारलं, “दुखतंय का?”

मी नोकरीभर हा प्रश्न किती जणांना विचारला त्याला गणती नाही. उलट मला कुणी विचारल्याचं आठवत नव्हतं. त्या वेळी मी त्यांना म्हणायला हवं होतं, ‘मग मामा, तुमच्या पायानं तरी काय केलंय?’ हे वाक्य मला संध्याकाळी घरी जाताना सुचलं. चांगली वाक्यं मला नेहमी स्टँडवर सुचतात.

पुढच्या वेळी ते आले आणि टेबलावर बसायच्या आधीच त्यांनी सदऱ्याची बाही वर केली.

“मारा इंजेक्शन.”

मी सुई घ्यायला वळलो.

“तुमचा हात हलतोय,” ते म्हणाले. “त्यात मी दुखून हललो तर तुमास्नी तरास. माझ्यापायी तुमी त्यो हात परत आपटनार. मारा.”

म्हणजे जे त्यांनी स्वतःसाठी घेतलं नव्हतं, डॉक्टरांच्या धाकानं, पोराच्या विनवणीनं घेतलं नव्हतं, ते माझ्या हातासाठी घेतलं. याला स्वतःवरची दया म्हणायची की माझ्यावरची, हे मला आजही ठरवता येत नाही. कांबळे सिस्टरांना मी इंजेक्शन द्यायला बोलावलं. त्यांनी दिलं आणि त्या दिवशी सफाईही त्यांनीच केली. मी फक्त पाय धरून बसलो, दोन्ही हातांनी.

थोड्या वेळानं औषध चढलं. हिंदुरावांच्या कपाळाच्या शिरा सैल पडल्या. खांदे खाली आले. मला बरं वाटलं. आणि अचानक ते रडायला लागले. इतके दिवस कात्रीखाली ज्यानं हूं की चूं केलं नाही, तो माणूस दुखायचं थांबल्यावर हुंदके देऊन रडत होता.

“हितकं सोपं हुतं व्हय?” ते म्हणाले. “सिस्टर, हितक्यानं थांबतंय?”

कांबळे सिस्टरांचा हात कधी थांबलेला मी बघितला नव्हता. तो थांबला. त्यांना कळलं, ते कुणाबद्दल विचारतायत. त्या म्हणाल्या, “थोडा वेळ थांबतं, मामा.” आणि पुन्हा कामाला लागल्या.

त्या दिवसानंतर हिंदुराव यायचे बंद झाले.

ड्रेसिंगची एक वारी चुकली, दुसरी चुकली. मला जेवण गोड लागेना. इंजेक्शन देऊन आपण चांगलं केलं की वाईट, हेच कळेना. दुखत होतं तोवर तो माणूस निदान येत तरी होता. रविवारी मी पिशवीत ड्रेसिंगचं सामान घातलं आणि जोतिबाची बस पकडली. निघताना कांबळे सिस्टरांना फोन केला होता तर त्या म्हणाल्या, “माझी पण आज विहारात बैठक आहे, नाहीतर आलो असतो. बघा जरा त्यांच्याकडं. त्यांना काही समजवाय जाऊ नका फक्त.”

डोंगरावर गर्दी होती. सगळी वाट गुलाबी झालेली. दुकानात सून गिऱ्हाईकं करत होती. मागच्या खोलीत हिंदुराव कॉटवर बसले होते, पाय तसाच, पट्टी तीच. मला बघून ते दचकले नाहीत. “या पावणं,” म्हणाले आणि कॉटवर जागा केली. सुनेनं चहा आणून ठेवला.

मी सामानाची पिशवी कॉटजवळ ठेवली. मग विचारलं, “मामा, का आला नाहीसा?”

“इंजेक्शन घेऊन घरला आलो,” ते म्हणाले. “झोप लागली. ती गेल्यापासनं आशी झोप लागली न्हवती. सकाळी उठलो, च्या घेतला, दुकानात बसलो. दिवस मावळायला आला तवा ध्यानात आलं, आज ती आठवलीच न्हाय. दिसभर.” त्यांनी पायावरची पट्टी चाचपली. “भ्या वाटलं वो. दुखतंय तवर ती हाय. दुखायचं थांबलं तर ती बी जानार काय?”

लोक म्हणतात, दवाखान्यातल्या माणसाकडं अनुभव असतो. मी खरं तेच सांगितलं. “मला माहीत नाही, मामा.”

बाहेर कुणीतरी चांगभलं म्हणत गेलं. हिंदुरावांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटतं, मी दुसरं काहीही सांगितलं असतं तर त्यांनी मला चहा पाजून वाटेला लावलं असतं. पण ते हळूहळू पाय वर घेऊन बसले. म्हणाले, “गोळी दे गं.” सुनेनं पळत जाऊन गोळी आणि पाणी आणलं. सासऱ्यानं आपणहून गोळी मागितलेली ती पहिलीच वेळ असावी. ती दारातच उभी राहिली, गिऱ्हाईक हाका मारत होतं तरी.

पट्टी भिजत घातली. त्या जखमेकडं त्यांनी आजवर बघितलं नव्हतं, दवाखान्यात सारखे छताकडं बघायचे. त्या दिवशी बघितलं. माझा डावा हात चांगलाच हलत होता, तेव्हा मी म्हणालो, “मामा, टाच तुम्हीच धरा.” त्यांनी स्वतःची टाच स्वतःच्या तळहातावर धरली. तान्ह्या पोराचं डोकं धरतात तशी, जपून. मी धुतलं, औषध घातलं, बांधलं. मधेच त्यांनी “हळू” म्हटलं. मी हळू केलं.

पुढचं सांगून टाकतो. ते पुन्हा दवाखान्यात यायला लागले. पाय राहिला. दोन बोटं गेली, ती उशीर झाल्यामुळं गेली. मीही थोड्याच दिवसांत ड्रेसिंग रूम सोडली. उरलेली नोकरी स्टोअरमध्ये कापसाच्या गठ्ठ्यांवर देखरेख करत काढली आणि वेळेआधी निवृत्त झालो. हात थांबलेला नाही. पूजेत पान हलतं. मी आता उजवा हात खाली लावतो आणि हलू देतो. कधी कधी वाटतं की देवाला काही अडचण नसावी, कधी वाटतं ही आपली पळवाट आहे. कांबळे सिस्टर अजून पहिल्याच पायरीवर बसल्या आहेत. मी विचारलं तर म्हणतात, काटा तिथंच आहे, पण ओळखीचा झालाय. हिंदुरावांना मी मागं भेटलो तेव्हा ते चप्पल घालून होते. सुंदराबाई आठवतात का, असं मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

त्या रविवारी परत येतानाची एक गोष्ट तेवढी सांगायची राहिली. बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली होती. शेजारी एक बाई बसली होती, कपाळभर गुलाल, मांडीवर नारळाची पिशवी. माझा हात माझ्या मांडीवर थरथरत होता. दिवसभराच्या दगदगीनं जरा जास्तच. मी तो खिशात घालायला गेलो, पण एप्रन नव्हता आणि पँटचा खिसा बसून वापरता येईना. बाई बघत होती. आमच्याकडची माणसं बघायचं असलं की सरळ बघतात.

“दुखतोय का वो हात?” तिनं विचारलं.

“दुखत नाही,” मी म्हणालो. “थरथरतो नुसता.”

“मग धरून बसा की,” ती म्हणाली आणि समोर बघायला लागली.

मी उजव्या हातानं डावा हात धरला. जरा वेळ तो धडपडला, मग थोडा संथ झाला. असं बसलेलं बरं दिसतं का, लोक काय म्हणतील, असं एकदा मनात येऊन गेलं. घाट उतरला, केर्ली गेलं, पंचगंगेचा पूल जवळ आला तरी मी तसाच बसलो होतो. मधे कंडक्टर आला तेव्हा पैसे काढायला सोडावा लागला. मग पुन्हा धरला.